तीनच चेंडू उरले होते...

रविवारची सकाळ. गांधी मैदानावर एकाच वेळी सात-आठ मॅचेस चाललेल्या. ह्यांचा फील्डर त्यांच्या पिचवर, त्यांचा चेंडू ह्यांच्या स्टम्पात! तेवढ्यात एक उंच कॅच उडतो. दोघं धावतात, दोघांचीही नजर वर... आणि ठण्णकन डोक्यावर डोकं आदळतं. एकजण मटकन खाली बसतो. घोळका जमतो. कुणी पाणी मारतं, कुणी डोकं चोळतं आणि सगळे एका सुरात म्हणतात, "काय होत न्हाई मर्दा, ऊठ! चल, खेळ!"

आणि तो उठतोही. न उठून करतो काय? पैलवानांचं गाव आपलं! लागलं म्हणून बसून राहिलं तर मित्र चिडवणार.

दोस्तांनो, आज या "काय होत न्हाई"चीच गोष्ट सांगायची आहे.

ढाक्यातला तो दिवस

रमण लांबा हा भारताचा धडाकेबाज फलंदाज. चार कसोटी आणि ३२ एकदिवसीय सामने खेळलेला. पुढे तो बांगलादेशात क्लब क्रिकेट खेळू लागला. २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यात अबाहनी आणि मोहमेडन या दोन संघांची मॅच होती. लांबा अबाहनीकडून खेळत होता. षटकाचे तीन चेंडू उरले असताना तो फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी पुढ्यात येऊन उभा राहिला. हेल्मेट मागवू का, असं त्याला विचारलं गेलं. पण तीनच तर चेंडू! कशाला हवं हेल्मेट?

फलंदाजानं जोरात फटका मारला. चेंडू लांबाच्या कपाळावर आदळून उडाला तो थेट यष्टिरक्षकाच्या हातात. फलंदाज बाद! लांबा खाली पडला, पण उठलाही. आपल्या पायांनी चालत ड्रेसिंग रूममध्ये गेला. पाहणाऱ्यांना वाटलं, विशेष काही नाही.

थोड्याच वेळात त्याला अस्वस्थ वाटू लागलं. त्याला दवाखान्यात हलवलं, मेंदूवर शस्त्रक्रिया केली. पण तो शुद्धीवर आलाच नाही. २३ फेब्रुवारीला तो गेला. वय अवघं ३८.

चालत गेलेला माणूस जातो कसा?

आपला मेंदू असतो साधारण सव्वा ते दीड किलोचा आणि खरवसासारखा मऊ. कवटीच्या डब्यात तो एका द्रवात तरंगत असतो. डबा जोरात हादरला की आतला खरवस भिंतीवर आपटतो. बाहेर ना जखम, ना रक्त. पण आत मार बसलेला असतो. डॉक्टर त्याला 'कन्कशन' म्हणतात.

कधी कधी कवटीच्या आतली एखादी रक्तवाहिनी फुटते. रक्त हळूहळू साठतं. सुरुवातीला माणूस बोलतो, चालतो, हसतोसुद्धा. पण कवटी काही फुग्यासारखी फुगत नाही! साठलेलं रक्त मेंदूलाच दाबू लागतं आणि काही तासांत जिवावर बेतू शकतं. म्हणून "आत्ता बरं वाटतंय" एवढ्यावर विसंबून चालत नाही.

वेळेवर उपचार मिळाले तर जीव वाचतोही. १९६२ साली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात बार्बाडोसला भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चेंडू आदळला. कवटी फुटली. तेव्हा रक्त द्यायला पुढे आले आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर. आणि वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेलसुद्धा! कॉन्ट्रॅक्टर वाचले, पुन्हा मैदानातही उतरले. कसोटी मात्र त्यांना परत कधीच खेळता आली नाही.

थेंबे थेंबे...

एकच मोठा मार घातक असतो असंही नाही. अमेरिकेचा बेसबॉलपटू रायन फ्रील चेंडूसाठी स्वतःला झोकून द्यायचा. त्याच्या डोक्याला अनेकदा मार लागला होता. डिसेंबर २०१२ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी तो गेला. नंतर त्याचा मेंदू तपासला तेव्हा त्यात 'सी.टी.ई.' हा आजार सापडला. डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसत राहिला की हा आजार जडू शकतो. स्मरणशक्ती, स्वभाव, मन, सगळ्यावरच त्याचा परिणाम होतो.

इंग्लंडचा फुटबॉलपटू जेफ ॲसल हेडिंगसाठी प्रसिद्ध होता. तो २००२ मध्ये, ५९व्या वर्षी गेला. आयुष्यभर डोक्यानं चेंडू मारल्यानंच त्याचा मेंदू झिजला, असा निष्कर्ष तिथल्या चौकशीत निघाला.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहारच्या मॅचेस बघत वाढणाऱ्या आपल्या पोरांनी हे ध्यानात ठेवायला हवं. म्हणून काय फुटबॉल सोडायचा? मुळीच नाही! पण २०२० पासून इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांना सरावात हेडिंग शिकवत नाहीत. आपणही लहानांना आधी पायाचं कसब शिकवू या की!

क्रिकेटनंही नियम बदलला. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर चेंडू बसला. तो परत येऊन खेळलाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं दुखू लागल्यावर त्याला बसवलं आणि मार्नस लाबुशेन बदली आला. कसोटीतला असा तो पहिलाच बदली खेळाडू. स्मिथला कुणी भित्रा म्हणालं का?

आई-बाबांनो, तुम्हीसुद्धा वाचा!

● डोक्याला मार लागला की त्या दिवशी खेळ बंद. पुन्हा खेळायचं ते डॉक्टरांना विचारूनच.
● लागलेलं लपवू नका. मित्राला लागलं असेल तर त्याच्या घरी जाऊन सांगा. ती चहाडी नव्हे!
● पुढचे एक-दोन दिवस घरच्यांनी लक्ष ठेवावं.
● पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, जास्त झोप, असंबद्ध बोलणं, फिट, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, किंवा एक बाहुली मोठी दिसणं, यातलं काहीही दिसलं तर वेळ न घालवता दवाखाना गाठा. १०८ला फोन करा.
● फलंदाजाच्या जवळ उभं राहायचं तर हेल्मेट हवंच. मग चेंडू तीन उरलेले असोत की एक!

आणि पुढच्या रविवारी मैदानात कुणी डोकं धरून बसला, तर "काय होत न्हाई" म्हणू नका. त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा, "आज ऱ्हाऊ दे गड्या. चल, तुला घरी सोडतो."