समुद्र तासाभरावर असला तरी

तंजावरजवळच्या ओरत्तनाडुत सरफोजीराजांचे मुक्तांबाळ छत्र आहे आणि त्यांनीच बांधलेला मनोरा मल्लिपट्टिणमजवळ, थेट पाल्कच्या उपसागरावर. अंतर मोटारीने तासाभराचे. त्यामुळे इथे घरात प्रवाळाची खाऱ्या पाण्याची टाकी लावायची म्हटले की पहिला सल्ला ठरलेला: ‘कॅन घेऊन जा, समुद्राचे पाणी भरून आणा.’

सल्ला बिनतोड वाटतो, पण तसा नाही. हा उपसागर अगदी उथळ, तळ बराचसा गाळाचा. वारा सुटला की काठचे पाणी गढूळ होते. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात कावेरीच्या खोऱ्यातले शेतांचे पाणी खतांसकट तिकडेच उतरते. प्रवाळाला किलोभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार लागतात. पावसाळ्यात काठावर भरलेल्या कॅनमध्ये ते कमी भरू शकतात, आणि नायट्रेट-फॉस्फेट नको तितके येतात.

मग ‘वेदारण्यमचे जाडे मीठ घरच्या पाण्यात विरघळवू’ म्हणणारेही भेटतात. मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या क्षारांत त्याचा वाटा सुमारे 85 टक्के. उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट आणि बायकार्बोनेट. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा. लिटरमागे चारशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम नसेल तर तो बांधणार कशाने? रीफ टँकसाठी मिळणारे तयार मीठच घ्यावे. महाग आहे, पण इथे काटकसर परवडत नाही.

ते मीठ ज्या पाण्यात विरघळवायचे, त्याबद्दलचा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो सुशिक्षित घरांत असतो: ‘आमच्याकडे आरओ आहे.’ घरचा आरओ पिण्यासाठी बनवलेला असतो. पाणी बेचव होऊ नये म्हणून बऱ्याच यंत्रांत थोडे न गाळलेले पाणी मुद्दाम परत मिसळतात किंवा खनिजे घालतात. बोअरच्या पाण्यातले सिलिकेट असे थोडे थोडे टाकीत पोचले की काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर धरतो. लोक तो खरवडतात, शेवाळमार औषध ओततात. थर आठवड्यात परत येतो. खरवडण्याआधी टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) आरओच्या नळाखाली धरावा. पन्नास-शंभर आकडा दिसला तर दोष टाकीचा नाही. आरओनंतर डीआय (उरलेले आयन काढणारे) काडतूस लावून आकडा शून्यावर आणावा लागतो. शेवाळमार औषधांत तांबे असेल तर मासा वाचतो, पण कोळंबी, शंख आणि प्रवाळ जातात.

उन्हाळ्यात पाणी उडते. ‘खारे पाणी उडाले, खारेच भरा’ हे तर्कट चुकीचे, कारण वाफ होते ती पाण्याची, क्षार टाकीतच राहतात. शंभर लिटरमधले पाच लिटर उडाले की 35 ची क्षारता जवळजवळ 37 होते. त्यात खारे पाणी ओतत राहिलात तर ती प्रत्येक वेळी थोडी आणखी वर सरकते. रोजची भर शुद्ध गोड्या पाण्याची. खारे पाणी फक्त पाणी बदलताना.

‘पाणी काचेसारखे आहे, म्हणजे चांगले आहे’ हेही सोडावे. अमोनियाला रंग नसतो. शिवाय खाऱ्या टाकीचा पीएच 8.2 च्या आसपास असतो आणि तिथे अमोनियाचा विषारी अंश 7 पीएचच्या गोड्या पाण्यापेक्षा दहापटींहून जास्त भरतो. नव्या टाकीत त्याचे नायट्राइट आणि नायट्रेट करणारे जिवाणू वसायला काही आठवडे जातात. तोवर मासे घालण्याची घाई नडते.

पीएच उतरला की दुकानदार बफरची बाटली पुढे करतो. आधी पेलाभर टाकीचे पाणी घराबाहेर नेऊन तासभर हवेचे बुडबुडे सोडा आणि पुन्हा मोजा. पीएच चढला तर क्षारीयता ठीक आहे. एसीसाठी बंद ठेवलेल्या खोलीत साचलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो आहे. खिडकी उघडा.

‘मंडपमकडून प्रवाळाचा दगड आणला की पाणी आपोआप सुधारते’ असे सांगणारेही आहेत. दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून उचललेला तुकडा घरी आणणे हा गुन्हा आहे.

आणि वीज. 16 नोव्हेंबर 2018 च्या गजा वादळाने या भागातल्या माडांबरोबर विजेचे खांबही आडवे केले, कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. अशा वेळी लोक आधी गाळणयंत्राची काळजी करतात, पण पाणी हलायचे थांबले की जीव जातो तो प्राणवायूअभावी, काही तासांत. पाणी बदलण्याची तयारी नसली तरी चालेल. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मात्र घरात हवा. वीज येईपर्यंत माशांना खायला घालू नये. बंद पडलेल्या डब्याच्या फिल्टरमधले साचलेले पाणी, वीज आल्यावर, टाकीत न सोडता आधी ओतून द्यावे.