ओल्या मातीतलं तहानलेलं झाड

शाळेच्या व्हरांड्यातल्या क्रोटनची पानं मलूल होऊन लोंबू लागली, की आपण पटकन तांब्याभर पाणी ओततो. पण त्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसून पाहावं. माती कोरडी असेल तर झाडाला पाणीच हवं आहे. माती ओली असूनही पानं लोंबत असतील, तर मात्र आणखी पाणी झाडाच्या जिवावर बेतू शकतं.

ओल्या मातीत झाड तहानलेलं कसं? पानांप्रमाणे मुळंही श्वसन करतात. त्यासाठी लागणारा ऑक्सिजन त्यांना मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. कुंडीचं भोक बुजलं किंवा सतत पाणी घातलं, की या पोकळ्यांत हवेऐवजी पाणी भरतं. हवेच्या तुलनेत पाण्यातून ऑक्सिजनचं विसरण सुमारे १०,००० पट मंद होतं. मुळं गुदमरतात, त्यांचं पाणी शोषणं मंदावतं आणि पिथियमसारखे सूक्ष्मजीव ती कुजवू लागतात. पानांतून बाष्पोत्सर्जन मात्र चालूच असतं. खर्च चालू आणि आवक बंद, म्हणून पानं लोंबतात.

अशी कुंडी आडवी करून झाड मातीच्या गोळ्यासकट अलगद बाहेर काढा. निरोगी मुळं पांढरट आणि टणक असतात. कुजलेली तपकिरी, लिबलिबीत आणि दुर्गंधीयुक्त. कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीनं कापून टाका. पोयटा माती, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत यांच्या भुसभुशीत मिश्रणात झाड पुन्हा लावा. मुळं कमी झाली, म्हणून थोडी पानंही कमी करा आणि झाड सावलीत ठेवा. नवी पालवी दिसेपर्यंत रासायनिक खत देऊ नका. मिठाच्या पाण्यात बटाट्याची फोड मऊ पडते, तसंच खताचं तीव्र द्रावण मुळांतलं पाणी ओढून घेतं.

कुंडीच्या तळाशी खडी घातली म्हणजे काम भागलं, असं नाही. बारीक माती केशाकर्षणानं पाणी धरून ठेवते आणि ते खडीच्या वरच थांबतं. भोक मोकळं असणं आणि माती भुसभुशीत असणं महत्त्वाचं.

वर्गात हा प्रयोग करता येईल. दोन सारख्या प्लॅस्टिकच्या पेल्यांत मूग पेरा. एकाच पेल्याच्या तळाला भोकं पाडा. दोन्हींना रोज सारखंच पाणी घाला. तीन आठवड्यांनी रोपं उपटून मुळांची लांबी, रंग आणि वास यांची तुलना करा. आधी मात्र मुलांना विचारा : कोणतं रोप आधी कोमेजेल, आणि का?