मोगलीचं जंगल कोणत्या यंत्रावरचं?

केळी फेकत, वेलींना लोंबकळत पळणारा मोगली अनेकांनी टीव्हीसमोर बसून खेळवला आहे. त्या खेळातलं जंगल कुठलंतरी परदेशी, बहुधा आफ्रिकेतलं, असं सहज मानलं जातं.

खरं तर मोगलीच्या गोष्टीतली नदी विदर्भातल्या पवनीच्या घाटाला लागून वाहते. रुडयार्ड किपलिंगने १८९४ सालच्या 'द जंगल बुक'मध्ये मोगलीला सिवनीच्या डोंगरात वाढवलं आणि शेरखानला वैनगंगेच्या कोरड्या घळीत गाठून मारलं. सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी हीच वैनगंगा बालाघाट, गोंदिया, भंडारा करत पवनीला येते. इथल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात (२०१२ साली घोषित, सुमारे १८९ चौरस किलोमीटर) वाघ, बिबट आणि अस्वल आजही आहेत; म्हणजे शेरखान, बगीरा आणि बल्लू तिघांचेही भाऊबंद. खेळातला ओरांगउटान राजा मात्र इथला नाही. तो प्राणी सुमात्रा आणि बोर्निओचा, आणि किपलिंगच्या माकडांना तर राजाच नव्हता. त्याला डिस्नेच्या १९६७ च्या चित्रपटाने आणलं. साग-बांबूचं आपलं जंगल उन्हाळ्यात निष्पर्ण होतं. खेळात ते बारमाही हिरवंगार दिसतं. पवनीच्या मुलांना हे सांगितलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. खेळाचे गुण मात्र त्यासाठी कापू नयेत.

गैरसमज : हा खेळ दूरदर्शनच्या मालिकेवरून बनला.
नाही. नव्वदच्या दशकात आपण पाहिलेली मालिका जपानी होती. खेळ डिस्नेच्या चित्रपटावरचा, व्हर्जिन कंपनीने १९९४ च्या आसपास वेगवेगळ्या यंत्रांसाठी आणलेला.

गैरसमज : नाव एक म्हणजे खेळ एक, आणि दोन्ही यंत्रं १६ बिटची असली की फरक कसला?
सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. सेगा मेगा ड्राइव्हवरचा 'जंगल बुक' व्हर्जिनच्या स्वतःच्या चमूने बांधला, तर सुपर निन्टेन्डोवरचा युरोकॉम या ब्रिटिश कंपनीने. गाभा सारखाच : ठरलेल्या वेळात पुरेसे हिरे गोळा करायचे आणि मग टप्प्याच्या शेवटी थांबलेल्या पात्रापर्यंत पोहोचायचं. पण '१६ बिट' या शिक्क्याखाली दोन अगदी निराळी यंत्रं आहेत. मेगा ड्राइव्ह एका वेळी साधारण ६४ रंग दाखवतो, सुपर निन्टेन्डो २५६ पर्यंत. उलट मेगा ड्राइव्हचं चित्र ३२० ठिपके रुंद असू शकतं, सुपर निन्टेन्डोचं सहसा २५६. आवाजातही तसंच. सेगाची यामाहा चिप सूर स्वतः घडवते, त्यामुळे ते धातूसारखे खणखणीत येतात. निन्टेन्डोची सोनी चिप ध्वनिमुद्रित नमुने वाजवते, म्हणून तिथले ढोल, बासरी जास्त खरे वाटतात.

मग चांगला कोणता? रंगांवरून निकाल देणारे पुष्कळ असतात, पण या खेळात हिरे शोधायचे असतात, तेही घड्याळ चालू असताना. पुढच्या फांदीवर साप बसला आहे की हिरा लटकला आहे, हे उडी मारण्याआधी दिसणं महत्त्वाचं. म्हणून माझं मत रुंद चौकटीकडे झुकतं. गेमबॉय या हातातल्या छोट्या यंत्रावर हा प्रश्न फारच तीव्र होतो. १६० बाय १४४ ठिपक्यांचा पडदा आणि चारच छटा. पानं, वेली आणि शत्रू एकमेकांत मिसळतात. तिथे मोगली खड्ड्यात पडला तर दरवेळी दोष खेळणाऱ्याचा नसतो.

गैरसमज : तेव्हा घरोघरी हेच खेळ होते.
सेगाने १९९५ मध्ये शॉ वॉलेसमार्फत मेगा ड्राइव्ह भारतात आणला, किंमत सुमारे १८,००० रुपये. विदर्भातल्या तालुक्याच्या गावी कितीशा घरांना ते परवडणार होतं? आपल्याकडे आले ते निन्टेन्डोच्या जुन्या ८ बिट यंत्राच्या नकला असलेले स्वस्त टीव्ही गेम, आणि '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेट. त्यांत हजारो खेळ नसायचेच. मोजकेच खेळ नाव बदलून किंवा वेगळ्या लेव्हलपासून सुरू करून यादीत पुन्हा पुन्हा घातलेले असत. आपल्या पिढीचं जंगल म्हणजे त्यातल्या 'कॉन्ट्रा'ची पहिली लेव्हल. तिथेही एक मौज आहे : १९८८ च्या जपानी आवृत्तीत कोनामीची खास चिप होती, त्यामुळे मागची झाडं वाऱ्यावर हलत, अमेरिकन आवृत्तीत तीच झाडं स्तब्ध उभी असतात. खेळ तोच, यंत्राचं घराणंही तेच, तरी जंगल वेगळं.

गैरसमज : खेळ संथ वाटला म्हणजे तो वाईट बनवलाय.
आधी टीव्ही तपासा. अमेरिका-जपानचे टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र आखत, भारत आणि युरोपातले ५० वेळा. जे खेळ आपल्या पद्धतीशी नीट जुळवून घेतलेले नसत, ते इथे सहाव्या हिश्शाने मंद चालत आणि वर-खाली काळ्या पट्ट्या दिसत. अमेरिकी मासिकाने 'चपळ' म्हटलेला खेळ आपल्याकडे जड वाटे, तो त्यामुळे. दोन्ही मतं आपापल्या जागी खरी होती.

गैरसमज : आता मोबाइलवर सगळं फुकट मिळतं, मग जुनं यंत्र हवं कशाला?
काचेवर अंगठा टेकवून अचूक उडी साधत नाही. बटण दाबल्याचं बोटाला कळावं लागतं. तुलना करायची तर २०२१ चा 'डिस्ने क्लासिक गेम्स कलेक्शन' बरा. त्यात सुपर निन्टेन्डो, मेगा ड्राइव्ह आणि गेमबॉय या तिन्हींचे 'जंगल बुक' आहेत, आणि तो प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन, स्विच यांवर चालतो. खेळ मागे नेण्याची सोय त्यात आहे; परीक्षण करताना ती वापरू नका, नाहीतर अवघड-सोपं काही समजत नाही. टीव्हीचा 'गेम मोड' चालू करा, कारण नव्या टीव्हीत चित्र सजवण्यात वेळ जातो आणि उडी उशिरा दिसते. मग तिन्ही आवृत्त्यांचा पहिला टप्पा लागोपाठ खेळा आणि प्रत्येक वेळी पाहा : साप आधी दिसला, की आधी चावला?