छुप्या कॅमेऱ्यांना न दिसलेले गेंडे

इंडोनेशियातील जावा बेटाच्या पश्चिम टोकाला उजुंग कुलोन हे राष्ट्रीय उद्यान आहे. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा उसळलेल्या लाटांनी हा किनारा धुऊन काढला. त्यानंतर माणसाची वस्ती तेथे फारशी परतली नाही आणि अरण्य समुद्रकाठापर्यंत दाट होत गेले. जावाच्या एकशिंगी गेंड्याचे हे जगातील अखेरचे निवासस्थान. काझीरंगातील गेंड्याचा हा आकाराने लहान भाऊबंद एकेकाळी बंगालच्या सुंदरबनातही वावरत असे. व्हिएतनाममधील त्याचा शेवटचा प्रतिनिधी २०१० मध्ये मारला गेला.

एवढा थोरला प्राणी, परंतु या अरण्यात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या वनरक्षकांनाही त्याचे दर्शन क्वचितच घडते. पूर्वी त्याची गणना चिखलातील पावलांच्या ठशांवरून होत असे. ठशांवरून संख्येचा अंदाज बांधता येतो, व्यक्तीची ओळख पटत नाही. ही उणीव झाडांच्या खोडांना बांधलेल्या छुप्या कॅमेऱ्यांनी भरून काढली. उष्ण शरीराची हालचाल जाणवताच कॅमेरा आपोआप सुरू होतो आणि अंधारात मानवी डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात चित्रण करतो. पुढे अभ्यासक एकेक चित्र न्याहाळतात. नराच्या शिंगाचा आकार, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, कातडीच्या घड्या, कानांवरचे व्रण यांवरून प्रत्येक गेंडा वेगळा ओळखला जातो. मादीला शिंग बहुधा नसतेच, त्यामुळे तेथे सुरकुत्यांवरच भिस्त. दमट हवेत बिघडणाऱ्या यंत्रांची निगा राखणे हे निराळेच कष्टाचे काम.

या पद्धतीने सरकारी गणना सत्तरीच्या पुढे गेली आणि समाधान व्यक्त होऊ लागले. तथापि या हिशेबात एक मोठी अडचण होती. पिल्लू जन्मले की ते आज ना उद्या आईसोबत कॅमेऱ्यासमोर येते आणि यादीत एकाची भर पडते. मृत्यू मात्र कॅमेऱ्यासमोर घडतोच असे नाही, आणि पर्जन्यवनात कलेवर फार दिवस टिकत नाही. मग न दिसणारा गेंडा दूर कोठेतरी चरत आहे, की तो उरलेलाच नाही?

औरिगा नुसांतारा या संस्थेने २०२३ मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला. यादीतील किमान १८ गेंडे कित्येक वर्षे एकाही चित्रात आलेले नव्हते. उत्तर मिळाले ते भीषण होते. त्याच वर्षी उद्यानातील कॅमेऱ्यांत सशस्त्र माणसे दिसली, तपास सुरू झाला आणि २०१९ पासून २६ गेंडे मारल्याची कबुली शिकाऱ्यांच्या टोळ्यांनी दिल्याचे पोलिसांनी २०२४ मध्ये जाहीर केले. जून २०२४ मध्ये एका शिकाऱ्यास १२ वर्षांची शिक्षा झाली. त्याच्यावरील आरोपांत कॅमेऱ्यांच्या चोरीचाही समावेश होता; या यंत्रांचे मोल शिकाऱ्यांनाही पुरते ठाऊक होते.

आता या गेंड्यांची संख्या सुमारे ५० मानली जाते. कॅमेरे अजूनही खोडांवर आहेत. २०२४ मध्ये त्यांपैकी एकाने आईसोबत चालणारे एक नवे पिल्लू टिपले.