घराचा आराखडा आणि सूर्याची वाट

पुण्यांत घर बांधावयास काढलें कीं पहिली चर्चा होते ती दर्शनी भागाची. रस्त्यावरून घर कसें दिसेल हें आधीं ठरतें आणि खोल्या मागाहून बसविल्या जातात. मग वैशाखांत रात्रीं अकरा वाजतांही निजावयाच्या खोलीची भिंत हाताला गरम लागते, आणि दोष दिला जातो पुण्याच्या हवेला! वस्तुतः तो आराखड्याचा असतो.

पुणें सुमारें १८.५ उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून २१ डिसेंबरच्या मध्यान्हीं सूर्य दक्षिणेस, क्षितिजापासून ४८ अंशांवर दिसतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो मध्यान्हीं डोक्यावरून किंचित् उत्तरेस कललेला असतो. दक्षिणेच्या खिडकीचें रहस्य यांतच आहे. तिच्या माथ्यालगत २ फुटांचा छज्जा काढला, तर मार्च व सप्टेंबरच्या विषुवदिनीं मध्यान्हीं त्याची सावली जवळजवळ ६ फूट खालीं उतरते व ४॥ फुटांची खिडकी सबंध झांकली जाते. डिसेंबरांत तीच सावली २। फुटांच्या आसपास थांबते आणि खालच्या अर्ध्या भागांतून ऊन घरांत येतें. खर्च काय तो एका छज्ज्याचा. वृद्ध माणसांची खोली याच अंगास असावी.

पश्चिमेचें तसें नाहीं. तिसऱ्या प्रहरानंतर सूर्य इतका खालीं येतो कीं तेथें छज्जा निरुपयोगी ठरतो. जाड भिंत दुपारभर ऊन पिते आणि ती उष्णता रात्रीं आंत सोडते. यावर पश्चिमेस खिडकीच ठेवूं नये, असें पुष्कळ जण सुचवितात. परंतु उन्हाळ्यांतला संध्याकाळचा वाराही तिकडूनच येतो. ऊन नको आणि वारा तर हवा, हा येथला खरा पेंच. तो खोल्यांच्या निवडीनेंच सुटतो. जिना, कोठीची खोली, न्हाणीघर हीं पश्चिमेच्या भिंतीस लावावीं आणि मध्यें ओसरी सोडून तिला झडपांचीं दारें बसवावीं. दुपारीं झडपा बंद, सूर्य मावळला कीं उघड्या. समोर पूर्वेसही खिडकी हवीच. एरवीं आलेला वारा दारांतच अडतो. पावसाची झडही याच बाजूची, म्हणून ओसरीचें छप्पर चांगलें पुढें काढावें.

स्वयंपाकघर पूर्वेकडे. पश्चिमेचा वारा फोडणीचा ठसका घरांत न पसरवितां बाहेर नेतो. जुन्या वास्तुशास्त्रानें स्वयंपाकघरास आग्नेय दिशा नेमून दिली आहे. या हवेंत तरी ती सोयीची आहे.

जागा अरुंद असून तिचें तोंडच पश्चिमेस असेल, तर दिवाणखान्याचा मोह सोडून जिना पुढें आणावा. रस्त्यावरून घर थोडें मुकें दिसेल. परंतु दुपारीं चार वाजतां घरांतल्या माणसांना बसावयास एक थंड जागा मिळेल.