ई-सेल फक्त इंजिनीअरिंगवाल्यांसाठी? बीए, बीकॉमच्या विद्यार्थ्यांनीही हे वाचाच

बुलढाणा : हमीभावाने सोयाबीन विकायला गेलं, की आधी ओलावा तपासला जातो. मर्यादा एरवी १२ टक्के. २०२४च्या हंगामात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत वाढवली होती. माल त्याहून ओला निघाला, तर वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या डोक्यावर. ओलावा मोजणारी यंत्रं बाजारात आहेत, पण लहान शेतकऱ्याला परवडेल असं यंत्र विद्यार्थ्यांनी करायचं ठरवलं तर?

सेन्सर जोडणं इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलाला जमेल. मळणीनंतर माल कसा वाळतो, हे कृषीच्या मुलीला ठाऊक. किंमत काढेल बीकॉमवाला. आणि 'हे यंत्र तुम्ही खरंच घ्याल का?' हे गावात जाऊन वऱ्हाडीत विचारायला बीएवालीच हवी. अनेक प्रोजेक्ट गडबडतात ते या शेवटच्या प्रश्नावर. सर्किट तर बहुतेक वेळा चालतं!

ई-सेल म्हणजे काय?

विद्यार्थ्यांनीच चालवलेला उद्योजकता क्लब. आयआयटी मुंबईचा ई-सेल १९९८पासून सुरू आहे. त्यांच्या 'नॅशनल आंत्रप्रेन्युअरशिप चॅलेंज'मधून इतर कॉलेजांनाही असे क्लब उभारायला मदत होते. केंद्राने २०१८मध्ये आणलेली 'इन्स्टिट्यूशन्स इनोव्हेशन कौन्सिल' वेगळी. तिचं नेतृत्व प्राध्यापकांकडे असतं.

मग अडतं कुठे?

बुलढाणा जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. कृषी कॉलेजं मात्र अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे. म्हणजे जिल्हा सोयाबीनचा, पण पीक शिकणारी आणि सेन्सर शिकणारा वेगवेगळ्या विद्यापीठांत! शिवाय बुलढाण्याहून एसटीने अमरावती गाठायची तर निम्मा दिवस जातो. त्यामुळे विद्यापीठाच्या आवारातला एकच क्लब पुरणार नाही. खामगाव, शेगाव, चिखलीसारख्या ठिकाणी आसपासच्या कॉलेजांनी मिळून क्लब काढणं जास्त सोयीचं.

आणखी एक दुखणं म्हणजे शेवटच्या वर्षाची मुलं गेली, की क्लब व्हॉट्सॲप ग्रुपपुरता उरतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना आधीपासून जबाबदारी आणि हिशेबाची वही दिली, तरच तो टिकतो.

हजेरीचं काय?

२०१९च्या राष्ट्रीय इनोव्हेशन आणि स्टार्टअप धोरणानुसार, स्टार्टअप करणाऱ्या विद्यार्थ्याची हजेरी कमी भरली तरी संस्थेच्या परवानगीने त्याला परीक्षेला बसता येतं. सेमिस्टरचा ब्रेकही घेता येतो. संस्थेने जागा, बीज भांडवल वगैरे दिलं, तर ती स्टार्टअपमध्ये २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते.

पण ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत. आपल्या कॉलेजने ती स्वीकारली आहेत का, हे सेमिस्टरच्या सुरुवातीलाच विचारा. परवानगीचा अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. हजेरीची यादी लागल्यावर दिलेला अर्ज बहुधा उपयोगाचा नसतो.