शिडाच्या होडीला रोलर फर्लर घेताय? आधी मोजमाप करा

रत्नागिरी : भाट्ये खाडीच्या तोंडाशी वारा अचानक वाढला, की हलत्या होडीत नाळेवर जाऊन शीड उतरवणं जिवावर बेतू शकतं. रोलर फर्लर असला तर मागे बसूनच दोरी ओढायची. पुढचं शीड तारेभोवती गुंडाळलं जातं.

कुठे बसतो? : डोलकाठीपासून नाळेपर्यंत ताणलेल्या तारेच्या जागी. परबाणीला बांधलेल्या जुन्या तिकोनी शिडाला अशी तार नसते, तिथे याचा उपयोग नाही.

कोणता घ्यावा? : साध्या ड्रमवर शीड पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद, अर्धं ठेवता येत नाही. तो स्वस्त असतो, खाडीत फिरायला पुरतो. तारेवर ॲल्युमिनियमची पन्हळ असलेला महाग, पण वारा वाढेल तसं शीड कमी करता येतं. बाहेर समुद्रात जाणाऱ्यांनी हाच बघावा.

काय मोजायचं? : तारेची लांबी, जाडी आणि पिनची जाडी. ड्रमवर दोरी पुरेशी मावते ना, तेही बघा. जोराच्या वाऱ्यात शीड घट्ट गुंडाळतं, फेरे जास्त लागतात.

काळजी : खाऱ्या पाण्याने बेअरिंग अडकतात, म्हणून फेरी झाली की गोड्या पाण्याने धुवा.

वादळाचा इशारा आला तर शीड गुंडाळून ठेवू नका, पूर्ण उतरवा. वारा आत शिरला तर ते सुटतं, फाटतं, डोलकाठीही मोडू शकते. जून 2020 मधलं ‘निसर्ग’ दापोली-मंडणगडकर विसरलेले नाहीत.